पुरुषांच्या कॅन्सरची जनजागृती: सरसकट पीएसए, की आधी तोंडाची तपासणी?

खर्रामुक्त_नागपूर:
२००३ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेली मिशा वाढवायची 'मोव्हेंबर' मोहीम आता आपल्याकडच्या ऑफिसांतही दिसते. प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) आणि अंडकोषाच्या कॅन्सरवर त्यानिमित्तानं बोललं जातं, चांगलंच आहे. पण आमच्या मंडळानं तेवढ्यावरून पन्नाशीपुढच्या सगळ्यांची मोफत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी, करायचं ठरवलंय, त्याला माझा विरोध आहे. भारतात पुरुषांना सगळ्यात जास्त होतो तो तोंडाचा कॅन्सर. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, म्हणजे पुरुषाच्या वाट्याला तोंडाचीच. तिला रक्त काढावं लागत नाही, टॉर्च पुरतो. तिरुवनंतपुरमला आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसती तोंडं तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले ('लॅन्सेट', २००५). आमचं मंडळ ज्या टपरीसमोर बसतं, तिथं दिवसभर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून खर्रा घोटणं चालू असतं. पैसे तिथल्या पोरांवर खर्च करा.

अण्णांची_लेक:
माझ्या वडिलांनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. कंबर दुखते म्हणून बाम चोळत राहिले. फॅमिली डॉक्टर वयाचं दुखणं म्हणाले. शेवटी एमआरआय केला तेव्हा मणक्यात पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्याआधी एकदाही कुणी पीएसए करा म्हटलं नव्हतं. आईची मॅमोग्राफी मी स्वतः धरून नेऊन केली होती, वडिलांचं मात्र कधी डोक्यातच आलं नाही कुणाच्या. एखादं मंडळ स्वतःहून हे करतंय तर तुम्ही त्यांना अडवताय?

युरोसर्जन_सातारा:
ताई, तुमचं दुःख कळतं, आणि असे पेशंट मी दर महिन्याला बघतो. तरीही सरसकट शिबिराला माझाही विरोध आहे. पीएसए नुसती प्रोस्टेट वाढल्यानंही चढते, लघवीच्या इन्फेक्शननं चढते, लांब सायकल चालवली तरी चढू शकते. शिबिरात कागदावर आकडा मिळतो आणि माणूस घाबरून बायोप्सीला धावतो. काहींमध्ये असा कॅन्सर सापडतो की जो जन्मभर त्रास देणारच नव्हता. पण ऑपरेशन होतं आणि मग लघवीवरचा ताबा जातो, कुणाचे लैंगिक संबंध संपतात. युरोपातल्या मोठ्या चाचणीत प्रोस्टेटचे मृत्यू साधारण एक पंचमांशानं घटले, हेही खरं आहे. म्हणूनच अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळानं २०१२ साली 'नको' म्हटलं होतं, ते २०१८ मध्ये बदलून ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ज्यानं-त्यानं ठरवावं असं केलं. सत्तरीपुढे नकोच.

अण्णांची_लेक:
डॉक्टरशी बोलून! आपल्याकडचा पुरुष लघवीबद्दल बायकोशी बोलत नाही. रात्री चारदा उठतो आणि विचारलं तर पाणी जास्त प्यायलो म्हणतो. शिबिर झालं नाही तर हे बोलणं सुरू कुठे होणार?

खर्रामुक्त_नागपूर:
बोलणं सुरू करायला युरोलॉजिस्टचं व्याख्यान ठेवा, मी खुर्च्या लावतो. सुया नकोत.

होस्टेल_रूम_१२:
दोघंही म्हाताऱ्यांबद्दलच बोलताय. अंडकोषाचा कॅन्सर ऐन विशी-तिशीत होतो. माझ्या रूममेटला गाठ लागली होती, न दुखणारी, कडक. लाजेनं परीक्षा संपेपर्यंत गप्प बसला. ऑपरेशन आणि केमो झाली, आता ठणठणीत आहे, कारण हा कॅन्सर पसरला तरी बहुतेकदा बरा होतो. लहानपणी ज्यांचा अंडकोष खाली उतरला नव्हता त्यांना धोका जास्त. कॉलेजात हे कुणी सांगत नाही.

सांगलीकर:
जागृतीनं काय होतं? आर. आर. आबा २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले, अख्खा महाराष्ट्र हळहळला. पवारसाहेब स्वतःच्या आजाराबद्दल जाहीर सभेत सांगतात. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि पुडी अजून मिळते. माहिती सगळ्यांना आहे. सवय सोडवायला माणूस हवा, आणि तो रोज हवा.

खर्रामुक्त_नागपूर:
माहिती सगळ्यांना आहे हे मला मान्य नाही. टपरीवरच्या पोराला विचारा, तोंडात तीन बोटं उभी जातात का? कित्येकांची दोनच जातात. तिखट लागलं की आग होते, गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ झालेली असते. त्याला वाटतं उष्णता झाली. या टप्प्यावर खर्रा सुटला तर पुढचा धोका कमी होतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते हेही सांगितलेलं नसतं. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' असं अभिमानानं सांगणारे रोज भेटतात.

सांगलीकर:
मग शिबिरानंतर त्या पोराकडे परत कोण जाणार ते आधी ठरवा. एक दिवस टॉर्च मारून फोटो काढणारे पुष्कळ बघितलेत.

अण्णांची_लेक:
डॉक्टर, भाऊ ४४ चा आहे. वडिलांचं हे असं. त्याची पीएसए करायची का?

युरोसर्जन_सातारा:
हो, त्याची करायची. वडिलांना किंवा भावाला असेल तर पंचेचाळिशीपासून बघावी, त्याला आता थांबवू नका. लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते आधी पूर्ण बरं होऊ द्या, आदले दोन दिवस सायकल नको. आणि रिपोर्ट हातात आला की थेट बायोप्सीला नाही, आधी युरोलॉजिस्टकडे.