वास्तुरचनाकार छायाचित्रकार झाला, तर त्याचे शिक्षण वाया जाते का?

कवडसा : वास्तुकलेचे दीर्घ शिक्षण घेऊन पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळणाऱ्याने महाविद्यालयातील एक जागा फुकट घालवली, असे अनेकदा ऐकू येते. मला हे पटत नाही. इटालियन छायाचित्रकार गाब्रिएले बासिलिको यांनी १९७३ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधून वास्तुकलेची पदवी घेतली, पण ते ओळखले जातात ते मिलानच्या कारखान्यांच्या आणि १९९१ मध्ये टिपलेल्या, लेबनॉनमधील यादवी युद्धानंतरच्या बैरुतच्या छायाचित्रांमुळे. नकाशा वाचता येणाऱ्याला कोणत्या दर्शनी भागावर ऊन केव्हा येईल आणि कोठे उभे राहिले असता जिना व प्रांगण यांचे नाते उलगडेल, हे आधीच कळते.

ओळंबा : असहमत. सूर्याची दिशा कोणताही मेहनती छायाचित्रकार शिकतो. वास्तुरचनाकाराचे खरे काम जबाबदारी घेण्याचे आहे : छत गळले, खर्च वाढला किंवा खोली कोंदट झाली, तर उत्तर त्याला द्यावे लागते. छायाचित्र बहुधा इमारत नवीकोरी असताना, माणसे आणि सामान बाजूला सारून काढले जाते. त्यात यातले काहीच दिसत नाही.

चौकट : छायाचित्रकार बाल्थझार कोराब यांचे उदाहरण या वादात महत्त्वाचे वाटते. पॅरिसमध्ये वास्तुकला शिकलेले कोराब १९५५ मध्ये अमेरिकेतील वास्तुरचनाकार एरो सारिनेन यांच्या कार्यालयात आले आणि तेथे त्यांनी नियोजित इमारतींच्या लहान प्रतिकृतींची छायाचित्रे काढली. न्यूयॉर्कच्या विमानतळावरील टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या टर्मिनलसारख्या वक्राकार वास्तूचे अंतरंग केवळ रेखाटनांतून डोळ्यांपुढे उभे राहणे कठीण असते. प्रतिकृतीत माणसाच्या नजरेच्या उंचीवर कॅमेरा नेला, की आकाराचे गुणदोष बांधकामापूर्वीच तपासता येतात. येथे छायाचित्र हे आरेखनाचेच साधन होते.

ओळंबा : म्हणजे कोराब तेव्हा आरेखनाच्या प्रक्रियेतच होते, माझा मुद्दा तर हाच आहे! स्वतंत्र व्यवसायात छायाचित्रकाराचे पैसे बहुतेक वेळा वास्तुरचनाकारच देतो. तेव्हा शिफ्ट लेन्सने (कॅमेरा न झुकवता दृश्य वर-खाली सरकवणाऱ्या भिंगाने) उभ्या रेषा सरळ होतील, पण ज्या कोपऱ्यात रचना फसली आहे तेथे कॅमेरा वळणार नाही.

कवडसा : ही अडचण व्यवसायाची आहे, शिक्षणाची नव्हे. उलट, फसलेला कोपरा ओळखण्याची नजर प्रशिक्षिताकडेच अधिक असते. वापरात येऊन काही वर्षे झालेल्या इमारतींची छायाचित्रे त्याने स्वखर्चाने काढली, तर आपण म्हणता ती जबाबदारी त्याने टाळली असे म्हणता येईल का?

ओळंबा : तशी काढणारे विरळाच. काढली, तर मी विरोध मागे घेईन.