द्रास आणि आमचं नंदुरबार
द्रासला तोलोलिंग डोंगराच्या पायथ्याशी, कारगिल युद्ध स्मारकात भिंतीवरची शहिदांची नावं वाचताना पाय हलेनात, हे तुम्ही लिहिलंत आणि मला आमचं नंदुरबार आठवलं. माणिक चौकातलं शिरीषकुमारचं स्मारक. ९ सप्टेंबर १९४२, 'चले जाव'ची मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार, पाच जण गेले. शिरीषकुमार अवघा १५ वर्षांचा. बाजाराच्या गर्दीतून आम्ही शेकडो वेळा तिथून गेलो, पण थांबलो नाही, याची फार खंत वाटते.

परवा शाळेतून मुलाला घेऊन येताना थांबलो. नववीत आहे तो. सगळी हकीकत सांगितली. बराच वेळ गप्प होता, मग हळूच म्हणाला, "पप्पा, म्हणजे माझ्याएवढाच?" मला बोलवेना. त्याच्या दप्तराचा पट्टा घट्ट धरून तसाच उभा राहिलो.