शब्दचर्चा: 'क्रिटिकल' म्हणजे टीका करायची का?

भाची इंग्लंडात एमए करायला गेली आहे. तिचा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात शेरा होता, 'टू डिस्क्रिप्टिव्ह, बी मोअर क्रिटिकल'. पोरीने पुढच्या निबंधात मूळ लेखकाच्या चुका शोधून शोधून काढल्या. त्यावर शेरा आला, 'अनफेअर'. रडकुंडीला येऊन तिने मला फोन केला. क्रिटिकल म्हणजे टीकात्मक, एवढंच मला शाळेत शिकवलं होतं. 'चिकित्सक' म्हणावं, तर आमच्या घरी चिकित्सक म्हणजे पानातल्या प्रत्येक पदार्थाला नाव ठेवणारे सासरे. नेमकं काय मागतायत हे लोक?

प्रतिसाद

ताई, मूळ ग्रीक धातूचा अर्थ निवडणे, पारखणे, निवाडा करणे असा आहे. आपण तांदूळ निवडतो ना, तसंच. भाचीने पहिल्यांदा न निवडताच भात लावला आणि दुसऱ्यांदा नुसते खडे पानात वाढले!

गंमत म्हणजे आपला 'टीका' हा शब्दही याच वाटेने घसरला. 'शके बाराशते बारोत्तरे, तैं टीका केली ज्ञानेश्वरें' यातली टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणं. ज्ञानेश्वरांनी गीतेला नावं ठेवली असं कुणी म्हणेल का? भाचीला सांगा, जुन्या अर्थाने टीका कर.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण उलगडून थांबलं तर पुन्हा 'डिस्क्रिप्टिव्ह' शेरा येईल. उदाहरण घ्या. 'ऑनलाइन वर्गांमुळे मुलं एकटी पडली, असं लेखक म्हणतो' हे झालं वर्णन. 'मात्र त्याने मुलाखती फक्त शहरातल्या मुलांच्या घेतल्या आहेत, त्यामुळे खेड्यातल्या मुलांबद्दल यावरून काही सांगता येत नाही' हे झालं क्रिटिकल. लेखकाला वाईट म्हटलेलं नाही, त्याचा निष्कर्ष कुठवर पोचतो ते सांगितलं.

आणि क्रियापदांकडे लक्ष द्यायला सांगा. आमची मुलं सगळीकडे 'सेज' लिहितात. 'आर्ग्यूज' म्हणजे प्रतिपादन करतो, 'सजेस्ट्स' म्हणजे सुचवतो, 'डेमॉन्स्ट्रेट्स' म्हणजे दाखवून देतो. 'क्लेम्स' जपून वापरायचं, त्यात आपल्या 'म्हणे'ची छटा येते. 'तो डॉक्टर आहे' आणि 'तो म्हणे डॉक्टर आहे' यात जो फरक, तोच. क्रियापद निवडलं की तुमचं मतही आपोआप नोंदलं जातं. 'प्रूव्ह्ज' गणितवाल्यांसाठी सोडून द्यावं.

प्रतिसाद

याला जोडून 'हेजिंग', म्हणजे विधानाला जपून मर्यादा घालणं. हेज म्हणजे झुडपांचं कुंपण. भाषाशास्त्रात हा शब्द जॉर्ज लॅकॉफ यांच्या १९७०च्या दशकातल्या लेखनामुळे रुळला. 'मे', 'टेन्ड्स टु', 'अपिअर्स' वगैरे. मराठी माणसाला हे अवघड वाटू नये, 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला असावा' यातला फरक आपण बोलता बोलता पाळतोच. रस्ता ओला दिसला म्हणून 'असावा'. पुरावा जेवढा, तेवढंच विधान. पण 'इट मे पॉसिब्ली सीम' असं लिहू लागली तर कुंपणच शेत खाईल.

प्रतिसाद

'आर्ग्युमेंट' राहिलं की! घरी आर्ग्युमेंट झाली म्हणजे भांडण झालं, म्हणून मुलं बिचकतात. लॅटिन मुळात स्पष्ट करणे, दाखवून देणे हाही अर्थ आहे. आपल्या 'वाद'चीही तीच गत. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तीन वेगळे शब्द आहेत: तत्त्व कळावं म्हणून करायचा तो वाद, जिंकायचंच म्हणून केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडायची ती वितंडा. भाचीचा दुसरा निबंध म्हणजे शुद्ध वितंडा झाला. तिला लिहायचा आहे वाद. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, असा मांडायचा की मूळ लेखकानेही मान डोलवावी, आणि मगच उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर.

('थीसिस'ही ग्रीकमध्ये 'मांडणे, ठेवणे' यावरूनच आलाय. आपण 'मुद्दा मांडतो' म्हणतो ते किती नेमकं आहे!)

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. 'वितंडा'वर पोट धरून हसली आणि टेबलासमोर चिकटवायला तिन्ही शब्द लिहून घेतले. आता तिची नवी शंका: निबंधात 'आय', म्हणजे 'मी', चालतो का? तिला भारतात सक्त मनाई होती, तिकडे शिक्षिका स्वतःच 'आय आर्ग्यू' लिहितात.

प्रतिसाद

विषयागणिक बदलतं. मानव्यशाखांत 'आय आर्ग्यू' बऱ्याच ठिकाणी चालतं, 'आय फील' मात्र खटकतं. विभागाची लेखन-पुस्तिका असेल तर ती आधी बघायला सांगा. आणि शिक्षिकेला विचारताना 'आय हॅव अ डाउट' म्हणू नकोस म्हणावं. आपल्या 'शंका'चं ते भाषांतर. तिकडे त्याचा अर्थ 'मला हे पटत नाही' असा होतो. 'क्वेश्चन' म्हण.