मदत हवी आहे : आयोवातील फेअरफिल्डला गाडी न चालवता कसे पोहोचावे?

येत्या हिवाळ्यात मला सत्तरीतल्या आईसह शिकागोहून आयोवा राज्यातील जेफरसन काउंटीत, फेअरफिल्ड येथे महर्षी विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीकडे जायचे आहे. आम्हा दोघांना, तसेच भाचीलाही, गाडी चालवता येत नाही. ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेसेवेची 'कॅलिफोर्निया झेफर' ही रेल्वेगाडी रोज एकदाच शिकागोहून दुपारी सुटते आणि फेअरफिल्ड गावातूनच जाते, परंतु तेथे न थांबता पूर्वेस माउंट प्लेझंट आणि पश्चिमेस ओटम्वा येथे थांबते. दोन्ही स्थानके साधारण 25 मैलांच्या आत आहेत, मात्र गाडी वेळेवर असली तरी तिथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असतो. सीडर रॅपिड्सचा विमानतळ याहून बराच दूर असल्याने तो पर्याय सोडून दिला आहे.

या भागात 'टेन-फिफ्टीन ट्रान्झिट' ही आधी नोंदणी करून बोलवावी लागणारी ग्रामीण बससेवा आहे, असे वाचले. मात्र झेफरला उशीर झाल्यास ठरलेली बस थांबेल का, हे कळलेले नाही. उबर-लिफ्टच्या ॲपवर आत्ता पाहिले तर ओटम्वात एकही गाडी दिसत नाही. आईचे गुडघे दुखतात आणि सोबत दोन मोठ्या बॅगा असतील, त्यामुळे थंडीत फलाटावर ताटकळत राहणे शक्य नाही.

गाडीशिवाय हा प्रवास प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगावे : दोहोंपैकी कोणत्या स्थानकावर उतरावे, आणि तिथून संध्याकाळी फेअरफिल्डपर्यंत खात्रीचे वाहन कोणते मिळते?