शोधनिकालांत हाताने बूस्ट देणं थांबवावं का?

मूळ मत
शोधनिकालांचा क्रम बिघडला की आधी बूस्ट, म्हणजे ठरावीक कागदांना वर आणणारे जादा गुण, वाढवायचे, ही सवय शोधाची वाट लावते. आमच्या दस्तऐवज-शोधात कुणीतरी नव्या कागदांना सरसकट ५० गुण जोडून ठेवले होते. ‘रजेचे नियम’ शोधलं की सगळ्यात वर कालच्या बैठकीची सूचना! एक्सप्लेन, म्हणजे कागदाला गुण कसे पडले याचा तपशील, काढून पाहिलं: मजकूर जुळल्याचे गुण ८, नवेपणाचे ५०. माणसाने काय विचारलं याला किंमतच उरली नव्हती. मजकूर जुळल्याचे गुण बीएम२५ हे सूत्र काढतं, आणि त्या गुणांना ठरलेली कमाल मर्यादा नसते. शोधात दुर्मीळ शब्द असला तर ते चढतात, सगळीकडे सापडणारा असला तर घसरतात. मग एकच आकडा सगळ्या शोधांना कसा चालेल? आधी शब्दरूपं, समानार्थी शब्द आणि फील्डची (शीर्षक, मजकूर अशा भागांची) वजनं नीट करा.

प्रतिसाद १
असहमत. दोष बूस्टचा नाही, बेरजेचा आहे. सोलर या शोध-सॉफ्टवेअरच्या ईडिसमॅक्स या शोधपद्धतीत ‘बीएफ’ ही सेटिंग गुण जोडते, ‘बूस्ट’ ही सेटिंग गुणते. नवेपणाला १ ते १.३ पट एवढीच मुभा द्या, ८ आणि ५० चा प्रकार होणारच नाही. शिवाय एकाच नियमाच्या दोन आवृत्त्यांत शब्द जवळपास तेच असतात. त्यातली लागू कोणती, हे बीएम२५ ला कोण सांगणार?

मूळ मत मांडणारा
रद्द झालेली आवृत्ती फिल्टरने गाळा. नुसती खाली ढकलली तर ती कुणाच्या तरी हाती लागतेच, आणि तो माणूस तिच्यावर विसंबून अर्ज करतो.

प्रतिसाद २
गाळून कसं चालेल? जुन्या काळातल्या प्रकरणाला तेव्हाचाच नियम लागतो. आम्हाला असे कागद रोज काढावे लागतात. खाली असू दे, पण सापडू दे.

प्रतिसाद ३
पूर्वी आम्ही इंडेक्स करतानाच, म्हणजे कागद शोधासाठी नोंदवतानाच, बूस्ट देत होतो. तो आकडा फील्डच्या लांबीसोबत एका बाइटमध्ये कोंबला जायचा, त्यामुळे बारीक फरक पुसले जायचे. बदलायचा तर कागद पुन्हा इंडेक्स करा. सोलर ज्यावर चालतं त्या ल्यूसीनच्या ७ व्या आवृत्तीने २०१७ मध्ये ती सोयच काढून टाकली, ते योग्यच झालं. आता शोधाच्या वेळी बूस्ट बदलता येतो, पण म्हणूनच जो तो येऊन आकडा फिरवून जातो. बीएम२५ चे के१ (शब्द पुन्हापुन्हा आल्याचा परिणाम) = १.२ आणि बी (फील्डच्या लांबीचा परिणाम) = ०.७५ हे मूळ आकडे मात्र कुणी उघडूनही पाहत नाही. शीर्षकासाठी बी कमी केल्यावर आमचे दोन बूस्ट काढता आले.

मूळ मत मांडणारा
गुणाकाराचं पटलं. जुन्या प्रकरणांचंही पटलं, तिथे फिल्टर वापरणाऱ्याच्या हाती हवा. पण बूस्ट लावणाऱ्याने तो कोणत्या शोधांसाठी लावला, ते लिहून ठेवलंच पाहिजे. निदान पन्नास खरे शोध घ्या, कागदांना माणसांकडून गुण द्या, आणि बदलाआधी व नंतर एनडीसीजी, म्हणजे निकालांचा क्रम किती चांगला लागला याचं माप, मोजा. आमचे ते ५० गुण कुणी आणि कशासाठी लावले, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

प्रतिसाद १
पन्नास शोधांच्या यादीला माझी हरकत नाही. पण ती तयार होईपर्यंत लोकांनी चुकीचा कागद वाचत बसायचं का? १.३ पट आजच लावा, यादी त्याच आठवड्यात करा.