मदत हवी आहे: पाय सरळ करायचं ऑपरेशन झालं, एक्स-रे चांगला आहे, तरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. सीटी करून घ्यावा का?

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा ५३ वर्षांचे, आंब्याची बाग आहे, सगळा जन्म कातळावर आणि उतारावर चढउतार करण्यात गेला. उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर बाकत गेला होता आणि गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली होती. वय कमी, काम अंगमेहनतीचं, म्हणून सांधा न बदलता एचटीओ, म्हणजे हाय टिबियल ऑस्टिऑटॉमी करायचं ठरलं. गणपतीच्या वीस दिवस आधी कोल्हापूरला ऑपरेशन झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुडघ्याच्या थोडं खाली, आतल्या बाजूने नडगीच्या हाडाला काप देतात, पण तो आरपार नेत नाहीत. बाहेरच्या बाजूला साधारण सेंटिमीटरभर हाड अखंड ठेवतात. त्या बिजागरीवर काप हळूहळू उघडतात (बाबांचा ११ मिलिमीटर उघडला) आणि आतून प्लेट-स्क्रू लावतात. अंगाचं वजन मग झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूकडे सरकतं.

वॉकर घेऊन अर्धंच वजन टाका, असं सांगितलं होतं. बाबांनी पाळलंही. पण गणपतीच्या पहिल्या आरतीला त्यांनी वॉकर भिंतीला लावला आणि शेवटपर्यंत दोन्ही पायांवर उभे राहिले. आई शेजारीच होती, तिने अडवलं नाही. दोन दिवसांनी दुखणं सुरू झालं. जखमेकडे नाही, प्लेटकडेही नाही. पडवीतून खळ्यात उतरताना पाय टेकला की ते थांबतात आणि अंगठ्याने बरोबर एकच जागा दाबतात, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला. मी विचारलं की म्हणतात, "माका काय झाला नाय, तू उगाच कशाक घाबरतंस?"

सहाव्या आठवड्यात इथेच तालुक्याला एक्स-रे काढला, समोरून आणि बाजूने. रिपोर्टमध्ये "प्लेट जागेवर, फ्रॅक्चर नाही". फोटो कोल्हापूरला पाठवला, तिकडूनही "ठीक दिसतंय" आलं. पण मी वाचलं की या ऑपरेशनमध्ये ती बिजागरीच तडकू शकते. जपानमधल्या ताकेउची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिचे तीन प्रकार पाडलेत, आणि एक्स-रेत न दिसलेली तडा सीटीत सापडते, असंही वाचनात आलं.

मला विचारायचंय ते असं. एक्स-रे चांगला असताना सीटी मागणं योग्य आहे का? प्लेट असताना सीटीत नीट दिसतं का, की एमआरआय करायचा? आणि सर्जनना हे कसं विचारू? त्यांनी मनापासून केलंय, अविश्वास दाखवल्यासारखं व्हायला नको. आई रोज स्वतःला दोष देतेय, जेवत नाही धड. ते बघवत नाही, म्हणून इथे लिहितेय.

प्रतिसाद – खाडीपल्याड

ताई, मी सीटी-एमआरआय विभागात टेक्निशियन आहे. निदान डॉक्टरच करतील, पण फोटोचं मी सांगू शकतो.

एक्स-रे म्हणजे सावली. बाहेरच्या बाजूला नडगीशेजारी बारीक हाडाचं डोकं असतं, त्याची सावली बिजागरीवर पडते. तुकडे सरकले नसतील तर केसाएवढी रेघ त्यात हरवते. बाजूने काढलेल्या फोटोत तर प्लेटच आडवी येते. सीटीत पातळ काप घेऊन हाड समोरून आणि बाजूने परत जुळवून बघता येतं, त्यामुळे या प्रश्नाला सीटीच बरा. एमआरआयमध्ये धातूभोवतीचं चित्र बिघडतं, आणि ही जागा प्लेटपासून लांब नाही.

सेंटरला आधीच सांगा की पायात प्लेट आहे, धातूची चमक कमी करायची सेटिंग लावा. नुसत्या फिल्मवर येऊ नका, सीडी मागून घ्या. रेडिएशनची काळजी वाटत असेल तर गुडघ्याच्या सीटीत ते पोटाच्या सीटीपेक्षा बरंच कमी असतं.

कापाची फट अजून काळी दिसेल, तिला घाबरू नका. ती बिजागरीकडून आतल्या बाजूला सावकाश भरत येते, सहा आठवड्यांत भरत नाही.

आईंना एक सांगा. बिजागरीची तडा बहुतेक वेळा ऑपरेशनमध्ये काप उघडतानाच जाते, आणि फट मोठी तितका धोका जास्त. चांगल्या हातूनही जाते. म्हणून सर्जनना विचारताना "सर, बिजागरी बघायला सीटी करू का?" एवढंच विचारा, यात त्यांचा अपमान नाही. ऑपरेशनच्या दिवसाचे सी-आर्मचे (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र) फोटो आणि दुसऱ्या दिवशीचा एक्स-रेही मागा, शेजारी ठेवून बघता येतात.

पोटरी सुजली, तापली, दुखायला लागली तर मात्र सीटीची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

प्रतिसाद – सुपारीबाग

माझं हेच ऑपरेशन झालंय, मी गुहागरचा. मला आतल्या बाजूला, प्लेटवर दुखायचं, थंडीत जास्त. ते वेगळं. तुम्ही बाहेरची एकच जागा म्हणताय, तर थांबू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सरांना जसं सुचवलंत तसंच विचारलं, ते लगेच हो म्हणाले. कणकवलीला सीटी केला, सीडी घेऊन गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला गेलो, बाबा मागच्या सीटवर पाय लांब करून.

तडा आहे. पहिला प्रकार. रेघ कापाच्या टोकापासून त्याच दिशेने पुढे, बारीक हाडाच्या सांध्याकडे जाते, पण तुकडे सरकलेले नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात साधलेला कोन बिघडायची भीती असते, तशी इथे कमी, असं सर म्हणाले. परत ऑपरेशन नको. वॉकर अजून चार आठवडे, मग एक्स-रे, आणि पूर्ण वजन टाकता येईल तेव्हा उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे, कोन टिकलाय का ते बघायला. बागेतली बेणणी यंदा गड्यांकडून करून घ्यायची, बाबांनी मान हलवलीय.

सरांनी दुसऱ्या दिवशीचा जुना एक्स-रे सीटीच्या शेजारी लावला आणि पेनाचं टोक ठेवून दाखवलं. कुठे बघायचं हे कळल्यावर ती रेघ तिथेही दिसते, फिकट. म्हणजे गणपतीच्या आधीची.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने दोनदा विचारलं, "नक्की आरतीच्या आधीची मां ती?"