टँकमधलं पोहणं आणि उघड्या पाण्यातलं पोहणं

टँकमध्ये दीड किलोमीटर सलग जमतंय, मग स्प्रिंट ट्रायथलॉनमधल्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग स्पर्धेचा कमी अंतराचा प्रकार) 750 मीटर पोहण्याची काळजी कशाला, असं काहींना वाटतं. दमाच्या बाबतीत अगदी मान्य. पण टँकच्या तळाशी काळी रेघ असते, दर 25 मीटरला भिंत लागते. उघड्या पाण्यात यातलं काहीच नसतं. सरळ पोहतोय असं वाटत असताना माणूस हळूहळू एका बाजूला सरकत जातो आणि अंतर विनाकारण वाढतं. त्यामुळे दर सात-आठ हात मारल्यानंतर समोर बघायची सवय आत्तापासून टँकमध्येच लावून घ्या. फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, श्वास नेहमीसारखा बाजूला. अख्खं डोकं उचललं की पाय बुडतात आणि वेग जातो. खुणेचा बोया (पाण्यावर तरंगता ठेवलेला मोठा फुगा) लाटांमध्ये दिसत नाही, म्हणून त्याच्या मागचं एखादं उंच झाड किंवा इमारत आधीच हेरून ठेवावी.

आणखी एक, नवख्यांना हे कुणी सांगतच नाही: धाप लागली तर बोया किंवा थांबलेली बोट धरून विश्रांती घेता येते. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत ते बसतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. छातीत धडधड वाढली तर बिनधास्त धरा, श्वास नेहमीसारखा होऊ द्या, मग निघा.